कॉन्ट्रा परत आणणं इतकं अवघड का गेलं? एका गोळीत मरणाऱ्या हिरोंची गोष्ट

उन्हाळ्याची सुट्टी, टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम, फुंकर मारून घातलेली कॅसेट आणि 'निळा मी, लाल तू' हे भांडण. नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना एवढ्यावरून गेमचं नाव कळतं. कॉन्ट्रा.

आपल्याकडे हा गेम बहुतेकांनी खेळला तो निन्टेन्डोच्या मशीनची नक्कल करणाऱ्या स्वस्त डब्यांवर. पण हा गेम बनवणाऱ्या जपानच्या कोनामी कंपनीला पुढची अनेक वर्षं एकच प्रश्न छळत होता. इतका गाजलेला गेम परत आणायचा तरी कसा?

त्यासाठी कंपनीने अनेकदा प्रयत्न केले. काही जमले, काही साफ फसले. का, ते समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

कॉन्ट्रा पहिल्यांदा आला १९८७ मध्ये, नाणं टाकून खेळायच्या आर्केड मशीनवर. १९८८ मध्ये तो निन्टेन्डोच्या घरगुती मशीनवर आला आणि जगभर पसरला.

बिल रायझर आणि लान्स बीन हे दोन सैनिक. समोर परग्रहावरच्या शत्रूंची फौज. जपानी कथेनुसार हे सगळं घडतं २६३३ साली, न्यूझीलंडजवळच्या गलुगा बेटांवर. अमेरिकेत गेम विकताना मात्र काळ आजचा आणि जागा दक्षिण अमेरिका केली गेली. युरोपात तर हिंसेबद्दलच्या कडक नियमांमुळे माणसांच्या जागी रोबोट आले आणि नाव झालं 'प्रोबोटेक्टर'.

कथा बदलली, नाव बदललं, तरी गेम तोच राहिला. कारण त्याची खरी ताकद कथेत नव्हतीच.

मग ताकद कशात होती?

दोन गोष्टींत.

पहिली, बाजूने दिसणारा पडदा. तुम्ही डावीकडून उजवीकडे धावता. शत्रू कुठे आहे, गोळी किती लांब आहे, उडी मारायची की आडवं पडायचं, हे सगळं एका नजरेत कळतं.

दुसरी, एका गोळीत मरण. इथे रक्ताची पट्टी नाही. गोळी लागली की एक लाइफ गेली, वर हातातली 'एस' गनही गेली.

या दोन्ही गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत. एका गोळीत मरायचं असेल तर ती गोळी येताना स्पष्ट दिसायला हवी. तरच मेल्यावर खेळणारा म्हणतो, 'चूक माझी होती, परत एकदा.' गोळी दिसलीच नाही तर तो म्हणतो, 'गेमच फालतू आहे.'

गेम अवघड होता, म्हणूनच त्याची चोरवाट इतकी प्रसिद्ध झाली. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. अमेरिकी आवृत्तीत सुरुवातीलाच ही बटणं दाबली की ३ ऐवजी ३० लाइफ मिळायच्या. हा 'कोनामी कोड' मुळात काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ मध्ये ग्रेडियस या गेमसाठी तयार केला होता. गेम तपासताना तो त्यांना स्वतःलाच फार अवघड जात होता, म्हणून.

गाडी कुठे घसरली?

१९९२ चा कॉन्ट्रा ३ आणि १९९४ चा हार्ड कोअर, दोन्ही जोरदार होते. मग प्लेस्टेशनचा काळ आला आणि सगळ्या कंपन्या थ्रीडीच्या मागे लागल्या. बाजूने दिसणारा गेम म्हणजे जुनाट, असं वारं होतं.

१९९६ मध्ये 'लेगसी ऑफ वॉर' आला. प्लेस्टेशनच्या आवृत्तीसोबत लाल-निळ्या काचांचा थ्रीडी चष्माही होता. १९९८ मध्ये 'सी: द कॉन्ट्रा ॲडव्हेंचर' आला. हे दोन्ही गेम कोनामीने बाहेरच्या स्टुडिओकडून करून घेतले होते. दोन्हींवर टीका झाली.

अडचण साधी होती. थ्रीडीत गोळी तुमच्या रेषेत आहे की शेजारून जाणार आहे, हे नीट कळत नाही. कॅमेरा फिरला की अंदाज चुकतो. म्हणजे ज्या पायावर गेम उभा होता, तोच काढून घेतला गेला.

इथे एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पहिल्या कॉन्ट्रातही पाठीमागून दिसणाऱ्या बेसच्या स्टेज होत्या आणि कॉन्ट्रा ३ मध्ये वरून दिसणाऱ्या. पण त्या जेवणातल्या लोणच्यासारख्या होत्या. थ्रीडी गेमनी लोणच्याचंच जेवण केलं.

परत मूळ वाटेवर

२००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'शॅटर्ड सोल्जर' आला. चित्रं थ्रीडी, पण खेळ पुन्हा बाजूने. याचे दिग्दर्शक नोबुया नाकाझातो, म्हणजे कॉन्ट्रा ३ चेच. चाहते खूश झाले.

२००७ मध्ये मालिकेला २० वर्षं झाली, तेव्हा कोनामीने काम दिलं वेफॉरवर्ड या अमेरिकी स्टुडिओला. त्यांचा 'कॉन्ट्रा ४' निन्टेन्डो डीएसच्या दोन पडद्यांवर चालायचा आणि जुन्या गेमइतकाच निर्दयी होता.

२०१९ : एक वर्ष, तीन धडे

जूनमध्ये कोनामीने जुने गेम एकत्र करून 'कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन' काढलं.

जुलैमध्ये ब्राझीलच्या जॉयमॅशर या छोट्या स्टुडिओचा 'ब्लेझिंग क्रोम' आला. पिक्सेलची चित्रं, बाजूने धावणं, एका गोळीत मरण. नावात कॉन्ट्रा नाही, पण खेळताना दुसरं काही आठवत नाही. त्याचं कौतुक झालं.

सप्टेंबरमध्ये कोनामीचा स्वतःचा नवा गेम आला, 'रोग कोअर'. बहुतेक वेळा वरून दिसणारा कॅमेरा, तापून बंद पडणाऱ्या बंदुका, टीममध्ये एक पांडा. समीक्षकांनी त्याला झोडपलं. आणि यामागेही नाकाझातोच होते.

म्हणजे अस्सल नाव आणि अस्सल माणूस हाताशी असूनही गेम फसला आणि यातलं काहीच नसलेल्यांना तो जमला. परत आणायचं ते नाव नसतं, खेळताना येणारा अनुभव असतो.

मग 'ऑपरेशन गलुगा'ने काय केलं?

मार्च २०२४ मध्ये कोनामी आणि वेफॉरवर्ड पुन्हा एकत्र आले आणि 'कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा' आला. पहिल्याच गेमची गोष्ट, तेच बेट, तेच बिल आणि लान्स, पडदा पुन्हा बाजूने.

नवं काय? दोनदा उडी आणि हवेत झेप घेता येते. तीच गन पुन्हा उचलली की तिची ताकद वाढते. गरज पडली तर हातातली गन खर्ची घालून एक खास वार करता येतो. आर्केड प्रकारात एका वेळी चौघं खेळू शकतात.

सर्वात मोठा प्रश्न होता मरणाचा. आजच्या नव्या खेळाडूला एका गोळीत मारलं तर तो गेम बंद करून रील बघायला जाणार. म्हणून इथे निवड दिली आहे. रक्ताची पट्टी घेऊन खेळा, नाहीतर जुन्या नियमाने एका गोळीत मरा. नवख्याला दार उघडं आणि जुन्या खेळाडूला त्याचा अभिमानही शाबूत.

गेम परिपूर्ण आहे का? नाही. तो लवकर संपतो आणि त्याची थ्रीडी चित्रं जुन्या पिक्सेलसमोर फिकी वाटतात, अशा तक्रारी आल्या. पण हा कॉन्ट्रा नाही, अशी तक्रार फारशी कुणी केली नाही. आधीच्या काही गेमच्या नशिबी एवढंही नव्हतं.

आणि म्हणूनच आज तिशी-चाळिशीतला कुणी आपल्या मुलाच्या हातात दुसरा रिमोट देऊन हा गेम लावू शकतो. मुलासाठी पट्टी, स्वतःसाठी एक गोळी. निळा कोण आणि लाल कोण, एवढं भांडण मात्र त्या दोघांनाच मिटवावं लागेल.