युरिपिडीस: स्पर्धेत हरलेला, काळाला पुरून उरलेला

इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सच्या सैन्याने मेलोस या छोट्या बेटाला वेढा घातला. बेटावरच्या लोकांनी अथेन्सपुढे झुकायला नकार दिला होता. हिवाळ्यात बेट पडलं. हाती लागलेल्या पुरुषांची कत्तल झाली, बायका-मुलं गुलाम म्हणून विकली गेली.

काही महिन्यांतच, ४१५च्या वसंतात, युरिपिडीसने अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक आणलं. शहर पडलंय, पुरुष मेलेत आणि कोणती बाई कोणत्या ग्रीक सरदाराच्या वाट्याला जाणार ते ठरतंय. नाटकात मेलोसचं नाव कुठेच नाही. मला वाटतं, ते घेण्याची गरजही नव्हती.

स्पर्धेत युरिपिडीस दुसरा आला. पहिला आलेल्या झेनोक्लीसचं आज एकही नाटक शिल्लक नाही. साधारण ९० नाटकं लिहूनही युरिपिडीसला हयातीत पहिलं बक्षीस चारदाच मिळालं. ‘मिडिया’ आणलं त्या वर्षी तर तो तिघांत शेवटचा होता.

त्याच ४१५ साली अथेन्सचं आरमार सिसिलीवर चालून गेलं. दोन वर्षांत त्याचा धुव्वा उडाला आणि किमान ७००० कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले. आता गुलाम व्हायची पाळी अथेन्सवाल्यांची होती. प्लुटार्क सांगतो की सिसिलीतल्या लोकांना युरिपिडीसचं भारी वेड होतं. त्याच्या पाठ असलेल्या ओळी शिकवून काहीजण गुलामीतून सुटले, तर रानोमाळ भटकणाऱ्या काहींना त्याची गाणी म्हणून अन्नपाणी मिळालं. घरी परतल्यावर ते त्याचे आभार मानायला गेले. प्लुटार्कने हे सुमारे ५०० वर्षांनी लिहिलंय, म्हणून मी त्याला पुरावा म्हणणार नाही. पण अशी गोष्ट टिकते, यातूनही त्या लेखकाची लोकप्रियता कळते.

आज एस्किलस आणि सोफोक्लीस यांची सात-सात नाटकं उरली आहेत. युरिपिडीसच्या नावावर १९ आहेत, त्यातलं एक वादग्रस्त. दहा नाटकं निवडक संग्रहातून टिकली. उरलेली नऊ निव्वळ नशिबाने वाचली: वर्णानुक्रमे लावलेल्या त्याच्या समग्र नाटकांचा एक तुकडा कसाबसा शिल्लक राहिला.

‘ट्रॉयच्या स्त्रिया’ मात्र निवडलेल्या दहांपैकी आहे. ते जपावं असं पिढ्यान् पिढ्या लोकांना वाटत राहिलं. २०१३ साली जॉर्डनमधल्या अम्मान शहरात सीरियातून आलेल्या निर्वासित बायकांनी ते रंगमंचावर आणलं आणि स्वतःचे अनुभव त्यात मिसळले. युद्ध जिंकणाऱ्यांसमोर पहिल्यांदा झालेलं हे नाटक २४०० वर्षांनी, ज्यांचं घरदार युद्धात गेलं त्यांच्या तोंडी आलं. माझ्या लेखी युरिपिडीसचं खरं बक्षीस हेच.