तंबाखूची अळी आणि तिच्या खाद्यवनस्पती

* येथे अभिप्रेत असलेला कीटक म्हणजे स्पोडोप्टेरा लिट्युरा या निशाचर पतंगाची अळी होय. ‘तंबाखूची अळी’ हे नाव रूढ झाले असले, तरी ते काहीसे एकांगी आहे, कारण सोयाबीन, भुईमूग, कोबी आणि एरंड यांवरही ती पोसते. कोषात जाण्यापूर्वी अळी साधारणतः पाच वेळा कात टाकते. अशा दोन कातींमधील टप्प्याला ‘अवस्था’ म्हणतात, त्या बहुधा सहा असतात आणि डोक्याच्या कठीण कवचाच्या रुंदीवरून ओळखल्या जातात. एरंडाच्या पानांवर हे टप्पे लवकर उरकतात व कोषही वजनदार होतो, तर कमी पोषक पानांवर अळीचे आयुष्य लांबते, क्वचित एखादी अवस्था वाढते आणि हलक्या कोषातून निघालेली मादी अंडीही कमी घालते. तंबाखूच्या रोपवाटिकेभोवती एरंड हे सापळा पीक म्हणून लावण्याची शिफारस अंडी घालण्यासाठी मादीला असलेल्या एरंडाच्या आवडीवर आधारलेली आहे: तेथे घातलेल्या अंडीपुंजांतून निघालेल्या लहान अळ्या एकाच पानावर घोळक्याने राहून त्याची जाळी करतात, तेव्हाच ते पान तोडून नष्ट करणे सोपे असते, कारण पुढील अवस्थांतील अळ्या विखुरतात व दिवसा मातीत दडतात. — संपादक