मॉडेल रेल्वे मांडणी

मॉडेल रेल्वे मांडणी म्हणजे रूळ, इंजिने, डबे, स्थानके आणि भोवतालचा परिसर यांची ठरावीक प्रमाणात लहान केलेली चालती प्रतिकृती होय. अशी मांडणी उभारणे व तिच्यावर गाड्या चालवणे हा युरोप, उत्तर अमेरिका आणि जपान येथे विशेष रूढ असलेला छंद आहे. सुतारकाम, विद्युतजोडणी, रंगकाम आणि रेल्वेच्या कामकाजाचा अभ्यास ही त्याची प्रमुख अंगे आहेत. इंजिने व डबे प्रमाणात लहान करता येतात. मात्र रेल्वेमार्गावरील अंतरे त्याच प्रमाणात लहान केली तरी ती घरात मावत नाहीत. त्यामुळे काय राखायचे आणि काय वगळायचे हा प्रश्न प्रत्येक मांडणीच्या मुळाशी असतो.

इतिहास

मेर्कलिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिग येथील व्यापारी जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची, पुढे वाढवता येणारी खेळण्यातील रेल्वे सादर केली. ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. निरनिराळ्या उत्पादकांची चाके, रूळ व जोडण्या एकमेकांशी जुळाव्यात यासाठी मानके ठरवण्याच्या हेतूने अमेरिकेत १९३५ मध्ये नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन स्थापन झाली. लहान विद्युत मोटारी उपलब्ध होत गेल्या तशी मॉडेलेही लहान झाली. १९६० च्या दशकात एन आणि १९७२ मध्ये झेड हे प्रमाण प्रचारात आले.

प्रमाण आणि गेज

प्रमाण म्हणजे मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या आकारांचे गुणोत्तर, तर गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर. प्रचलित प्रमाणे पुढीलप्रमाणे आहेत :

• ओओ – १:७६.२, गेज १६.५ मिमी (मुख्यतः ब्रिटन)
• एचओ – १:८७, गेज १६.५ मिमी
• टीटी – १:१२०, गेज १२ मिमी
• एन – १:१६०, गेज ९ मिमी
• झेड – १:२२०, गेज ६.५ मिमी

ब्रिटिश इंजिने युरोप खंडातील इंजिनांपेक्षा अरुंद असल्याने १:८७ प्रमाणात तत्कालीन मोटारी त्यांत बसत नसत. म्हणून ब्रिटनमध्ये रूळ तेच ठेवून गाड्या मोठ्या करण्यात आल्या. परिणामी ओओ प्रमाणातील रूळ प्रत्यक्षापेक्षा अरुंद दिसतात. भारतीय ब्रॉडगेज (१,६७६ मिमी) १:८७ प्रमाणात सुमारे १९.३ मिमी होते. पण तयार रूळ व चाके १६.५ मिमीची मिळत असल्याने भारतीय गाड्यांची मॉडेलेही बहुधा त्यांवरच चालवली जातात.

जागेचे नियोजन

एचओ प्रमाणात एक किलोमीटरचे सुमारे साडेअकरा मीटर होतात. सुमारे २२.३ मीटर लांबीच्या २० डब्यांची गाडी इंजिनाविना एचओमध्ये ५.१ मीटर, तर एनमध्ये २.८ मीटर लांब होते. वळणांची अडचण याहून मोठी आहे. भारतीय ब्रॉडगेजवरील सर्वांत तीव्र अनुज्ञेय वळणाची त्रिज्या १७५ मीटर आहे. एचओमध्ये ती दोन मीटर होते, म्हणजे केवळ एका वर्तुळासाठी चार मीटर रुंदीची खोली लागते. प्रत्यक्षात छांदिष्ट सुमारे अर्ध्या मीटरच्या त्रिज्येवर भागवतात आणि अशा वळणाचा काही भाग बोगद्याआड किंवा झाडीमागे लपवतात.

चढाचेही गणित असेच आहे. एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी रूळ ८ सेंमी उचलायचे असल्यास दोन टक्के चढाने चार मीटर लांबी लागते. म्हणून फलाट आखूड करणे, यार्डातील मार्ग कमी करणे, परंतु स्थानकाची ओळख पटवणारी इमारत किंवा पूल कायम ठेवणे, असा निवडक संक्षेप केला जातो.

बांधणी

लाकडी चौकटीवर प्लायवूड किंवा फोमचे तक्ते बसवून पाया तयार करतात. पाया असमान असल्यास किंवा दमट हवेत लाकूड वाकल्यास डबे घसरतात. रूळ प्रायः जर्मन सिल्व्हर या तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. डोंगर थर्माकोल, जाळी आणि प्लास्टरमध्ये भिजवलेल्या कापडापासून घडवतात. रुळांखालची खडी पसरून झाल्यावर पातळ केलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडतात. त्यात द्रव साबणाचा थेंब घातल्यास तो खडीत नीट मुरतो.

वीजपुरवठा व नियंत्रण

पारंपरिक पद्धतीत दोन रुळांतून सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह सोडला जातो. दाब वाढवल्यास वेग वाढतो व ध्रुव बदलल्यास दिशा बदलते. मार्ग गोल वळून स्वतःलाच उलट दिशेने मिळत असेल, तर डावा रूळ उजव्याला जोडला जाऊन शॉर्टसर्किट होते. म्हणून तो भाग विद्युतदृष्ट्या वेगळा ठेवावा लागतो. डिजिटल पद्धतीत रुळांत सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातील डिकोडर आपल्या क्रमांकाला उद्देशून आलेलीच आज्ञा पाळतो. त्यामुळे एकाच मार्गावर अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवता येतात.

संचालन

मोठी जागा नसतानाही मांडणीवर खरे काम करता येते. ॲलन राइट यांच्या ‘इंगलनुक सायडिंग्ज’ या आराखड्यात दोनच सांधे आणि अनुक्रमे पाच, तीन व तीन वाघिणी मावतील अशा तीन सायडिंग असतात. आठ वाघिणींपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच वाघिणी त्याच क्रमाने जोडणे हे उद्दिष्ट असते. त्यासाठीचे ६,७२० क्रम संभवतात. त्यामुळे एका फळीवरचे शंटिंगही सहसा तेच तेच होत नाही.

उल्लेखनीय मांडण्या

हॅम्बुर्ग येथील ‘मिनिआटुअर वुंडरलांड’ हे २००१ मध्ये खुले झालेले एचओ प्रमाणातील भव्य प्रदर्शन आहे. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांची मांडणी तिच्यावरील निसर्गदृश्यांसाठी विख्यात होती. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच ती आगीत नष्ट झाली. घराच्या रचनेत गुंतलेली मांडणी हलवणे वा वाचवणे कठीण असते. त्यामुळे अनेक गट सुटे, प्रमाणित टोकांचे विभाग बांधून ते प्रदर्शनात एकत्र जोडतात.

महाराष्ट्रात

पुण्यातील कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले जोशी लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तेथे विविध प्रकारच्या गाड्या एका लघुनगरीतून धावताना पाहता येतात. मॉडेलसाठी राज्यातील मार्गही आव्हानात्मक आहेत : भोर घाटातील १:३७ चा चढ हलक्या मॉडेल इंजिनांची ओढ पाहणारा आहे, तर नेरळ–माथेरान मार्गाचे ६१० मिमी गेज १:८७ प्रमाणात केवळ ७ मिमी होते. अशा अरुंद मार्गांसाठी एन किंवा झेड प्रमाणाचे रूळ वापरून इमारती, माणसे व गाड्या मोठ्या प्रमाणात घडवण्याची पद्धत आहे.