लेबाननमधील संप्रदायाधिष्ठित राज्यव्यवस्था

धार्मिक संप्रदायांनुसार संसदेतील जागा व प्रमुख शासकीय पदे यांची वाटणी करणारी राज्यपद्धती. लेबाननमध्ये अधिकृत मान्यता असलेले १८ संप्रदाय असून त्यांत मॅरोनाइट ख्रिस्ती, सुन्नी, शिया व द्रूझ हे राजकीय दृष्ट्या प्रबळ होत.

या संप्रदायांतील वैर पुरातन असून राजकारणात त्याचे केवळ प्रतिबिंब पडते, असे मत दीर्घकाळ रूढ होते. उसामा मक्दिसी या इतिहासकाराने द कल्चर ऑफ सेक्टेरिअ‍ॅनिझम (२०००) या ग्रंथात ते साधार खोडून काढले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत लेबानन पर्वतातील समाजाची खरी विभागणी सरदार व रयत अशी होती. १८५८-५९ मध्ये तान्युस शाहीनच्या नेतृत्वाखाली किसरवानच्या मॅरोनाइट शेतकऱ्यांनी बंड केले, ते खाझिन घराण्यातील मॅरोनाइट सरदारांविरुद्धच. मात्र यूरोपीय सत्तांच्या दडपणाखाली ऑटोमन शासनाने १८४२ मध्येच या प्रदेशाचे ख्रिस्ती व द्रूझ असे दोन प्रशासकीय विभाग पाडले होते. १८६० च्या मॅरोनाइट-द्रूझ यादवीत हजारो ख्रिस्ती मारले गेले. तीवरचा उपायही संप्रदायाच्याच मापाने योजला गेला : १८६४ च्या सुधारित नियमावलीने १२ सदस्यांच्या प्रशासकीय मंडळात मॅरोनाइटांना ४, द्रूझांना ३, ग्रीक ऑर्थोडॉक्सांना २ आणि ग्रीक कॅथलिक, सुन्नी व शिया यांना प्रत्येकी १ जागा दिली.

१९२० मध्ये फ्रेंचांनी किनारपट्टी व बिका खोरे जोडून विस्तृत लेबानन निर्माण केले. १९२६ च्या संविधानात सांप्रदायिक प्रतिनिधित्वाची तरतूद तात्पुरती म्हणून करण्यात आली. त्याच वर्षी शियांच्या जाफरी न्यायालयांना मान्यता मिळाली. विवाह, वारसा व वक्फ यांविषयीच्या दाव्यांतूनच शियांची संप्रदाय म्हणून जाणीव दृढ झाली, असे मॅक्स वाइस यांच्या संशोधनावरून दिसते.

१९३२ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण निम्म्याहून किंचित अधिक भरले. परदेशी स्थलांतरितांचीही तीत नोंद झाली होती. १९४३ च्या अलिखित राष्ट्रीय कराराने राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट व पंतप्रधान सुन्नी असावा, असे ठरले. संसदेचे सभापतिपद पुढे प्रथेने शियांकडे गेले. संसदेत ख्रिस्ती व मुस्लिम (द्रूझांसह) यांचे प्रमाण ६ : ५ असल्यामुळे एकूण जागा नेहमी अकराच्या पटीत असत. १९३२ नंतर अधिकृत जनगणनाच झालेली नाही, कारण नवी आकडेवारी म्हणजे सत्तेची नवी वाटणी. १९७५ ते १९९० च्या यादवी युद्धामागे अन्य कारणांबरोबर हा तिढाही होता. ताइफ करारान्वये (१९८९) दोन्ही बाजूंना समान जागा मिळाल्या व १९९२ पासून संसद १२८ सदस्यांची झाली. संप्रदायवादाचे टप्प्याटप्प्याने निर्मूलन हे उद्दिष्टही त्या करारात नमूद आहे.

तथापि विवाह, घटस्फोट व वारसा हे विषय प्रायः सांप्रदायिक कायद्यांखालीच राहिले. देशात नागरी विवाहाचा कायदा नसल्याने अनेक जोडपी सायप्रसला जाऊन विवाह करतात. असे विवाह लेबाननमध्ये ग्राह्य धरले जातात. २००९ मध्ये गृहमंत्रालयाने नागरी नोंदवहीतून आपला संप्रदाय वगळण्याची मुभा नागरिकांना दिली. परंतु संसदेच्या सर्व जागा संप्रदायवार वाटलेल्या असल्याने अशा नागरिकाला उमेदवार म्हणून उभे राहण्यासाठी एकही जागा उरत नाही.