हरवलेली हातोडी आणि दोन नाणी

शेतात जुनं नाणं सापडलं. त्यावर साल नाही. ते केव्हा पाडलं गेलं? आणि जमिनीत केव्हा पुरलं गेलं? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक उदाहरण पाहू.

नोव्हेंबर 1992. इंग्लंडच्या सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचा मित्र धातुशोधक यंत्र घेऊन ती शोधायला गेला. यंत्र वाजलं, ते सोन्याचांदीवर! थोड्या वस्तू काढल्यावर तो थांबला आणि ही बातमी अधिकाऱ्यांना कळवण्यात आली. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उरलेला ठेवा पद्धतशीर खणून काढला. पेटीचं लाकूड कुजलं होतं. पण वस्तू जागच्या जागी असल्यामुळे आतली मांडणी समजली.

सुमारे 15,000 रोमन नाणी निघाली, बहुतेक चांदीची. ती ओळखायची कशी? एका बाजूला सम्राटाचा चेहरा, कडेनं त्याचं नाव. दुसऱ्या बाजूला टांकसाळीची खूण. सम्राटांच्या कारकिर्दी इतिहासाला ठाऊक आहेत. सर्वांत अलीकडची दोन नाणी निघाली तिसऱ्या कॉन्स्टंटाइनची, इ.स. 407-408 मधली. म्हणजे ठेवा त्याआधी पुरलेला असूच शकत नाही.

मग नंतर किती वर्षांनी? इथं नाण्यांच्या कडा बोलतात. जवळजवळ प्रत्येक चांदीचं नाणं कडेनं कातरलेलं होतं. सम्राटाचा चेहरा मात्र शाबूत! ब्रिटनमधली रोमन सत्ता 410 च्या सुमारास संपली, नव्या नाण्यांचा पुरवठा आटला. लोक जुनीच नाणी वापरत आणि कातरत राहिले. म्हणून ठेवा काही वर्षं उशिरा पुरला असावा, असा तर्क निघतो.

हजारो नाण्यांतली ती दोनच नाणी कुणी आधी विकून टाकली असती तर? सारा हिशेबच चुकला असता. हातोडीही सापडली, ठेव्याबरोबर तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तुमच्या वर्गात कुणी शेतातलं नाणं आणलं, तर ते चिंचेनं घासू देऊ नका. कुठं, किती खोल, कशासोबत सापडलं ते आधी लिहून घ्या. आपल्याकडे 1878 च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं. नाण्याची किंमत सराफही सांगेल. त्याची हकिकत मात्र जागेसकटच कळते.