गाव दाखवणारी पोथी

वाटाड्या सोबत न घेता, हातात कागद किंवा फोन धरून गावातल्या जुन्या वास्तू आपल्या आपण पाहत फिरायचं, ही रीत आपण परदेशातून उचलली असा समज आहे. समजाला आधारही आहे. 1951 साली विल्यम स्कोफिल्ड या पत्रकाराने बॉस्टनमधली ऐतिहासिक ठिकाणं एका पायवाटेने जोडा अशी कल्पना मांडली. पुढे त्या वाटेवर लाल रेघ आली आणि ती रेघ धरून कुणीही सोळा ठिकाणं पाहून येऊ लागला. त्याही आधी, 1830 च्या दशकात, जर्मनीत बेडेकर आणि इंग्लंडात मरे या प्रकाशकांनी खिशात मावणारी प्रवासपुस्तकं काढली होती. आपल्याकडच्या हेरिटेज वॉकची वंशावळ सहसा इथवर नेऊन सोडली जाते. पण हे कूळ मराठीत चौदाव्या शतकापासून नांदतं आहे. त्याच्या मूळपुरुषाचं नाव ‘स्थानपोथी’.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी तेराव्या शतकात गोदाकाठाने आणि वऱ्हाडात गावोगाव हिंडले. स्वतःचा मठ बांधून ते एका जागी राहिले नाहीत. पैठणला, लोणारला, डोमेग्रामला, म्हणजे आजच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या कमालपूरला, जिथे जे छप्पर मिळालं तिथे त्यांनी मुक्काम केला. कधी देवळाच्या पटिशाळेत, म्हणजे ओवरीत, कधी मठात, वेरूळला तर लेण्यांत. ते निघून गेल्यावर रिद्धपूरला त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या सहवासात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवल्या. तेच आपलं लीळाचरित्र. स्वामींनी काय केलं, काय सांगितलं, हे त्यात आलं. नेमकं कुठे, हा प्रश्न मात्र पुढच्या पिढ्यांसाठी शिल्लक राहिला, कारण स्वामींच्या पायाखालची भूमी वंदन करायची तर ती हुडकता यायला हवी, आणि बोट दाखवून सांगणारी माणसं एकेक करून जात होती. स्थानपोथी लिहिली गेली ती या गरजेतून. तिचं कर्तेपण परंपरेने मुनिव्यास कोठी यांच्याकडे जातं.

पोथीचा मजकूर रसाळ वगैरे अजिबात नाही. लीळाचरित्राच्या गोडीने जो उघडेल तो दोन पानांत कंटाळेल. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचं दार कुणीकडे तोंड करून, आवाराला दरवाजा कोणत्या अंगाला, आत पटिशाळा कोणत्या बाजूला, तिच्यात स्वामी कुठे बसले, असं एकामागून एक चालतं. विशेषणं नाहीत, देऊळ सुंदर की भव्य याची चौकशी नाही. पण ही पोथी हातात घेऊन गावाच्या शिवेवर उभं राहिलं की काम होतं. आधी गाव, मग दिशा, मग वास्तू, मग तिचं दार, मग आतला कोपरा. परक्या गावात पत्ता सांगायचा याहून सरळ मार्ग मला तरी माहीत नाही.

जागांच्या जाती ठरलेल्या आहेत. स्वामी बरेच दिवस राहिले ते अवस्थान, रात्रीपुरते थांबले ती वसती, नुसते टेकले ते आसन. जेवले, न्हाले त्या जागा वेगळ्या. इतकंच काय, देहधर्माला गेले ती जागासुद्धा ‘परिश्रय’ म्हणून नोंदलेली आहे. आजच्या वाचकाला यावर हसू येतं, येऊ दे. पण या काटेकोरपणाचा फायदा असा की नोंद देवळाच्या गाभाऱ्याशी संपत नाही. परिश्रयाची जागा आवाराबाहेर असायची, आंघोळीची पाण्याकाठी. त्यामुळे आवाराची भिंत, बाहेरची झाडं, नदीकडची वाट असं सगळं पोथीत आपसूक शिरलं. महानुभाव इतर देवदेवतांची पूजा करत नाहीत, तरीही यादवकाळातली देवळं शोधणाऱ्या अभ्यासकांना आज त्यांच्याच पोथीचा आधार घ्यावा लागतो.

पण दिशेचं गणित गाव वाढलं की बिघडतं. पूर्वेचं देऊळ शंभर वर्षांत गावाच्या मधोमध येतं. त्यावरचा पंथाचा इलाज दगडी आहे: त्या त्या स्थानावर ओटा बांधायचा. पोथी वाट सांगते आणि ओटा ‘हीच ती जागा’ म्हणतो. बॉस्टनच्या रेघेचं कामही याहून वेगळं नाही. पुढे पंथाच्या बऱ्याच पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाल्या आणि परक्याला अक्षरही लागेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांसारख्यांनी त्या लिपीचं कुलूप उघडलं. नंतर वि. भि. कोलत्यांनी स्थानपोथी संपादून छापली.

आता हीच रीत जिथे लावून पाहता येईल ते गाव: पिंपरी-चिंचवडमधली सांगवी. पूर्वेला पवना, दक्षिणेला मुळा, पलीकडे दापोडीजवळ दोघींचा संगम. नदीपलीकडच्या औंधातून येणाऱ्याला जुनी सांगवी आणि नवी सांगवी यांतला फरक चटकन कळत नाही. इमारतींची रांग कुठे तुटतच नाही. ‘इथे बघायला काय आहे?’ हा प्रश्न मग साहजिक येतो. पाहुण्याला ऐतिहासिक काही दाखवायचं म्हटलं की गाडी चिंचवडकडे वळते, आणि ते बरोबरही आहे. तिथल्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिरावर बांधकामाची तारीख दगडातच आहे: शके 1580, विलंबी संवत्सर, कार्तिक शुद्ध द्वादशीला काम सुरू, पुढच्या विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला पुरं. इंग्रजी सनात 1658–59. चिंचवडगावातच चापेकरांचा वाडा आहे, 1897 च्या रँडवधाची आठवण सांगणारा. शिलालेख आणि नाव असलेल्या वास्तूंचं पत्रक करणं सोपं असतं.

सांगवीसारख्या गावठाणाला शिलालेखाची वाट पाहून चालायचं नाही. तिथे स्थानपोथीची पद्धत कामी येईल, कारण ती वास्तूचा मोठेपणा विचारत नाही, तिथे काय घडायचं ते विचारते. चावडी कुठे भरायची, बैलपोळ्याला बैल कुठून निघायचे, वारकरी कुठे उतरायचे, कपडे धुवायला बाया नदीवर कोणत्या बोळातून जायच्या. हे सांगणारी सत्तरी-ऐंशीतली माणसं आज त्याच गल्ल्यांत ओसरीवर बसलेली भेटतात. आजी म्हणेल, ‘अहो, तो पार तिकडं नव्हता, इकडं होता, त्या मेडिकलच्या जागी.’ पत्रकाची पहिली ओळ ही झाली.

दिशा मात्र चौकावरून देऊ नयेत. चौकांची नावं बदलतात, मेडिकलची दुकानं हलतात. पवनेवरून आणि मुळेवरून द्याव्यात: पवनेला पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला मुळा, आणि तोंडासमोर गाव. जागेवर पाटी लावायची झाली तर लहान लावावी आणि जागेचं नाव मोठं घालावं. उद्घाटकांची नावं मागच्या बाजूला चालतील.