पानांवरच्या गाठी: झाडाचा रोग की किड्याचं घर?

सोसायटीतल्या सातविणीच्या, म्हणजे सप्तपर्णीच्या पानांवर हिरवे फोड दिसले की ग्रुपवर फोटो येतो आणि खाली कुणीतरी फवारणीचा सल्ला देतं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

अशा गाठींना गॉल म्हणतात. कीटक कोवळ्या पालवीवर अंडी घालतो किंवा त्याचं पिल्लू तिथे रस शोषू लागतं. त्याच्या रसायनांमुळे तिथल्या पेशी वेड्यावाकड्या वाढतात आणि किड्याला घर आणि जेवण एकाच जागी मिळतं. गाठ बनते ती झाडाच्याच पेशींची. जून पानावर सहसा नवी गाठ धरत नाही.

ओळखायची सुरुवात नखाने करा. खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण खरवडला की निघतो. गॉल निघत नाही, पानच फाटतं. मग गाठ ब्लेडने उभी चिरा. आत पोकळी आणि त्यात जीव दिसला तर शंका उरत नाही. सातविणीच्या गाठीत रस शोषणाऱ्या सिला कीटकाचं पिल्लू असतं. चिरताना पांढरा चीक येतो, तो हात डोळ्यांना लावू नका. आंब्याच्या पानावरच्या चामखिळीसारख्या पुटकुळ्यांत चिलटाएवढ्या माशीची अळी राहते. गाठीला बारीक भोक असेल तर आतला पाहुणा उडून गेलेला असतो. तो गाठ करणाराच असेल असं मात्र नाही. त्याला खाऊन मोठी झालेली एखादी इवलीशी गांधीलमाशीही तिथूनच बाहेर पडते.

करंजाच्या पानांवरच्या बोटांसारख्या गाठी तर कीटकाच्या नसतातच. त्या कोळ्यांच्या नात्यातल्या माइटच्या. हे माइट नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, भिंग लागतं. खोकल्याच्या काढ्यातली काकडशिंगी हीसुद्धा एक गॉलच, हिमालयातल्या एका झाडावर माव्यामुळे येणारी.

पानांवरच्या गाठींनी मोठं झाड सहसा मरत नाही. किडा आत बंद असल्याने वरून मारलेलं औषध त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही, उलट त्याला खाणारे कीटक मरतात. रोप लहान असेल तर गाठींची पानं खुडून टाका, एवढं पुरे.

गाठ शेंड्यावर किंवा देठावर आली तर मात्र दुर्लक्ष करू नका. पावसाळ्यात आवळ्याचा शेंडा फुगतो तो आत शिरलेल्या अळीमुळे. त्या फांदीची वाढ खुंटते, म्हणून फुगलेला भाग कापून नष्ट करावा. पांगाऱ्याची गोष्ट याहून गंभीर आहे. 2004 मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलेली एक सूक्ष्म गांधीलमाशी त्याचे देठ आणि कोवळे शेंडे सुजवते. ही माशी पुढे भारतातही पोचली. हवाईत तिने पांगाऱ्याच्या जातीची इतकी झाडं मारली की 2008 मध्ये तिथे तिला खाणारी दुसरी गांधीलमाशी सोडावी लागली. दारातल्या पांगाऱ्याचे देठ सुजून पानं वळू लागली, तर तो भाग छाटा आणि फोटोसह जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.